मरिनोच्या खात्यावर दुसऱ्यांची उधारी

डॅन मरिनोचा विषय निघाला की अमेरिकन फुटबॉलचे चाहते दोन तटांत उभे राहतात. एका तटाकडे आकड्यांची चळत असते: ६१,३६१ यार्ड, ४२० टचडाउन फेकी, नियमित हंगामांतले १४७ विजय. दुसऱ्या तटाकडे एकच प्रश्न असतो. अंगठी कुठाय? सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकणाऱ्या संघातल्या खेळाडूंना जी अंगठी मिळते, ती मरिनोला मायामी डॉल्फिन्सकडून खेळलेल्या सतरा हंगामांत, म्हणजे १९८३ ते १९९९ या काळात, एकदाही मिळाली नाही. एवढं म्हटलं की वाद संपला, असं मानायची रीत पडली आहे. हात सोन्याचा होता, पण मोठ्या सामन्यात चालला नाही. म्हणून थोरांच्या पहिल्या पंगतीत त्याचं पान मांडायचं नाही.

हा निकाल ज्या हिशेबावर उभा आहे, तो हिशेबच खोटा आहे. डॉल्फिन्सच्या बचावफळीनं, धावकांनी, किक मारणाऱ्यांनी आणि खेळाडू निवडणाऱ्यांनी सतरा वर्षांत जी उधारी करून ठेवली, ती सगळी एकाच माणसाच्या खात्यावर मांडली गेली आहे. वही उघडून एकेक नोंद पाहिली, तर मरिनोचं स्वतःचं देणं निघतं. ते नाकारण्याचं कारण नाही. पण वसुली मात्र त्याच्याकडून सगळ्यांचीच चालली आहे.

आधी या खेळाची रचना. मैदानात संघाचे अकरा जण असतात, पण तेच अकरा कायम नसतात. चेंडू आपल्याकडे असला की आक्रमणाचे अकरा खेळतात; तो समोरच्याकडे गेला की ते बाहेर येतात आणि बचावाचे अकरा आत जातात. किक मारायची तर तिसराच ताफा उतरतो. क्वार्टरबॅक आक्रमणाचा सूत्रधार असतो. प्रत्येक चालीत चेंडू त्याच्या हाती येतो, आणि तो फेकायचा की धावकाकडे सोपवायचा, हे त्याच्यामार्फत ठरतं. त्याचं महत्त्व मोठं आहे, यात वाद नाही. पण प्रतिस्पर्धी गुण मिळवत असतो तेव्हा हा सूत्रधार कडेला, पाण्याची बाटली घेऊन उभा असतो. त्या वेळात जे घडतं त्यावर त्याचा काडीइतकाही ताबा नसतो. अंगठीवाले नेमके तेच विसरतात.

मरिनोच्या वाट्याला आलेला एकमेव सुपर बोल २० जानेवारी १९८५ रोजी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड स्टेडियमवर झाला. समोर जो मोंटानाचे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स होते. निकाल ३८-१६. मोंटाना सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि तेव्हापासून हा सामना ‘मोंटानानं मरिनोला हरवलं’ अशा थाटात सांगितला जातो. मोंटाना आणि मरिनो त्या दिवशी एक क्षणही एकमेकांसमोर मैदानात नव्हते. मोंटानासमोर होती डॉल्फिन्सची बचावफळी, आणि तिनं ५३७ यार्ड दिले. मरिनोसमोर होती त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी, अवघे २२७ गुण देणारी फळी. तिच्या पिछाडीचे चारही खेळाडू त्या हंगामात प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडले गेले होते. पहिल्या चतकोरानंतर मायामी १०-७ असं पुढे होतं. दुसऱ्या चतकोरात डॉल्फिन्सचे पंट, म्हणजे चेंडू सोडताना तो दूर लाथाडणाऱ्या किका, आखूड पडत गेले, फोर्टीनाइनर्सना दर वेळी जवळूनच सुरुवात करायला मिळाली आणि त्यांनी २१ गुण लुटले. मायामीच्या धावकांनी अख्ख्या सामन्यात मिळून २५ यार्ड काढले. धाव येणार नाही हे कळल्यावर सॅन फ्रान्सिस्कोनं सगळं लक्ष फेकी अडवण्यावर लावलं. तेवीस वर्षांच्या मरिनोनं ५० फेकी केल्या, २९ पोचवल्या, ३१८ यार्ड मिळवले, एक टचडाउन दिला आणि दोनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती घातला. हा त्याचा चांगला सामना नव्हता. पण ३८ गुण द्यायला तो मैदानात नव्हता.

एका सामन्यावरून काय सांगणार, म्हणून त्याचे बाद फेरीतले सगळे पराभव एका रांगेत मांडावेत. अठरा सामन्यांत आठ विजय आणि दहा पराभव ही त्याची कामगिरी टीकाकारांची हुकमी तोफ आहे. त्या दहा पराभवांत डॉल्फिन्सनं दिलेले गुण असे: सिॲटलला २७, सॅन फ्रान्सिस्कोला ३८, न्यू इंग्लंडला ३१, बफेलोला ४४, पुन्हा बफेलोला २९, सॅन डिएगोला २२, तिसऱ्यांदा बफेलोला ३७, न्यू इंग्लंडला १७, डेन्व्हरला ३८ आणि जॅक्सनव्हिलला ६२. बेरीज ३४५. दर पराभवामागे सरासरी साडेचौतीस गुण. यातले काही मरिनोच्याच चुकलेल्या फेकींतून गेले, हे खरं. ते वजा केले तरी उरणारा आकडा कोणत्याही क्वार्टरबॅकला गुदमरवणारा आहे.

त्यातला १९९५ च्या हंगामाचा शेवट पाहा. ३० डिसेंबरला बफेलो बिल्सनी मायामीविरुद्ध चेंडू घेऊन धावून ३४१ यार्ड काढले. एवढे यार्ड धावून मिळतात तेव्हा फेकायची गरजच उरत नाही. घड्याळ खात खात समोरचा संघ चालत राहतो. बिल्स ३७-२२ असे जिंकले. चाहत्यांच्या हिशेबात तोही मरिनोचा पराभव.

त्याच्या आदल्याच हंगामाची गोष्ट आणखी बोलकी आहे. जानेवारी १९९५ मध्ये सॅन डिएगोला मरिनोनं पूर्वार्धात तीन टचडाउन फेकी केल्या आणि मध्यंतराला मायामी २१-६ असं आघाडीवर होतं. उत्तरार्धात डॉल्फिन्सचा धावक स्वतःच्याच एंड झोनमध्ये अडकला, दोन गुण गेले. बचावफळीनं दोन टचडाउन दिले. शेवटचा, सामना संपायला ३५ सेकंद असताना. २२-२१. उरलेल्या अर्ध्या मिनिटात मरिनोनं संघाला पुढे नेलं, ४८ यार्डांवरून किक मारता येईल इतकं. पीट स्टोयानोविचची किक बाहेर गेली. एका गुणानं हरलेला तो सामनाही मरिनोच्या ‘दहा’मध्ये मोजला जातो.

गंमत अशी की त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १९९४ च्या फेब्रुवारीत, जिम कॅरीचा ‘एस व्हेंचुरा: पेट डिटेक्टिव्ह’ प्रदर्शित झाला होता. त्यात मरिनोनं स्वतःचीच भूमिका केली होती. चित्रपटातल्या काल्पनिक सुपर बोलमध्ये डॉल्फिन्सचा किकर शेवटची किक चुकवतो आणि आयुष्यभर दोष मात्र चेंडू धरणाऱ्या मरिनोला देत बसतो. हॉलीवूडनं विनोद म्हणून रचलेलं हे तर्कट चाहत्यांनी मात्र गंभीरपणे अंगीकारलं आहे.

आता मरिनोची स्वतःची बाकी. बाद फेरीत त्यानं ३२ टचडाउन फेकी केल्या आणि २४ फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या. नियमित हंगामांतल्या ४२० विरुद्ध २५२ या प्रमाणाशी ताडून पाहिलं तर ही घसरण उघड दिसते. जानेवारी १९८६ मध्ये सुपर बोलच्या उंबरठ्यावर, घरच्या ऑरेंज बोल मैदानात, न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध त्यानं ४८ पैकी २० फेकीच पोचवल्या. मायामीनं सहादा चेंडू गमावला, त्यात दोन वाटे त्याचे. त्या दिवशी तो मोठ्या सामन्याला शोभेलसा खेळला नाही, असं कोणी म्हणत असेल तर प्रतिवाद नाही. १९९२ च्या हंगामात बफेलोविरुद्धच्या २९-१० अशा पराभवातही त्याचा प्रभाव पडला नाही.

पण त्याच पेट्रियट्स सामन्यात समोरचा क्वार्टरबॅक टोनी ईसन यानं काय केलं? एकंदर बारा फेकी. त्याच्या संघानं ३१-१४ असा विजय मिळवला तो धावून आणि चेंडू हिसकावून. ईसन सुपर बोलला पोचला. तिथं त्याच्या सहाच्या सहा फेकी वाया गेल्या, त्याला पूर्वार्धातच बसवलं गेलं आणि शिकागो बेअर्सनी पेट्रियट्सचा ४६-१० असा धुव्वा उडवला. त्या हंगामात या बेअर्सना हरवणारा संघ एकच होता. २ डिसेंबर १९८५ च्या सोमवारी रात्री मरिनोच्या डॉल्फिन्सनी, इतिहासातली एक सर्वांत भेदक मानली जाणारी ती बचावफळी फोडून, ३८-२४ असा विजय मिळवला होता.

शिवाय मोठ्या सामन्यात हात थरथरतो असा आरोप करायचा तर उरलेले आठ विजय कुठे ठेवायचे? जानेवारी १९८५ मध्ये पिट्सबर्गविरुद्धच्या एएफसी (लीगच्या दोन विभागांपैकी एक; दुसरा एनएफसी) अंतिम सामन्यात त्यानं ४२१ यार्ड आणि चार टचडाउन फेकी अशी कामगिरी करून संघाला सुपर बोलला नेलं. पुढच्याच वर्षी क्लीव्हलंडविरुद्ध २१-३ अशी पिछाडी असताना मायामी २४-२१ असं जिंकलं. १९९० च्या हंगामात कॅन्सस सिटीविरुद्ध चौथ्या चतकोरात १६-३ अशी पिछाडी होती, निकाल १७-१६. आणि अडतीस वर्षांचा, शरीर थकलेला मरिनो जानेवारी २००० मध्ये सिॲटलच्या किंगडोममध्ये शेवटच्या टप्प्यात पिछाडी भरून काढून २०-१७ असा जिंकला. पुढच्याच आठवड्यात जॅक्सनव्हिलकडून ६२-७ हा पराभव झाला आणि कारकीर्द संपली. लोकांना ६२ आठवतात.

अंगठी हे क्वार्टरबॅकच्या थोरवीचं माप असेल, तर एकाच माणसाच्या कारकिर्दीत ते माप निदान सरळ चाललं पाहिजे. ते चालत नाही, आणि याचा सर्वांत चांगला पुरावा जॉन एल्वेचा आहे. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. एल्वे पहिला, मरिनो शेवटचा, सत्ताविसाव्या क्रमांकावर. ऐन तारुण्यात, एकट्याच्या खांद्यावर डेन्व्हर ब्रॉन्कोजला वाहून नेत एल्वे तीनदा सुपर बोलला पोचला आणि तीनदा चिरडला गेला: ३९-२०, ४२-१०, ५५-१०. तेव्हा त्याच्यावरही हाच शिक्का होता. मग १९९५ मध्ये ब्रॉन्कोजना सहाव्या फेरीत टेरेल डेव्हिस नावाचा धावक सापडला. जानेवारी १९९८ च्या सुपर बोलमध्ये सदतीस वर्षांच्या एल्वेनं १२३ यार्ड फेकले, एकही टचडाउन फेक केली नाही, एकदा चेंडू प्रतिस्पर्ध्याला दिला. डेव्हिसनं १५७ यार्ड धावून तीन टचडाउन केले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला. ब्रॉन्कोज ३१-२४ असे जिंकले आणि एल्वे एका रात्रीत ‘मोठे सामने जिंकणारा’ झाला. उतारवयातल्या १२३ यार्डांनी जर थोरवी ठरली असेल, तर ती थोरवी डेव्हिसनं उसनी दिलेली होती.

क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगची गोष्ट याहून स्पष्ट आहे. २०१३ च्या हंगामात त्यानं ५५ टचडाउन फेकी आणि ५,४७७ यार्ड असे दोन विक्रम केले. सुपर बोलमध्ये सिॲटलनं त्याच्या संघाला ४३-८ असं लोळवलं. २०१५ च्या हंगामात तो इतका थकला होता की नऊ टचडाउन फेकींसमोर त्याच्या सतरा फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या. त्या वर्षी तो सुपर बोल जिंकला, कारण त्याच्या पाठीशी बचावपटू व्हॉन मिलर आणि लीगमधली अव्वल बचावफळी होती. आयुष्यातल्या सर्वोत्तम वर्षी पराभव आणि पडत्या वर्षी अंगठी.

ट्रेंट डिल्फर या क्वार्टरबॅकचं उदाहरण मरिनोच्या बाजूनं इतक्या वेळा दिलं गेलं आहे की टीकाकार ते ऐकून हसतात. पण त्यातला शेवटचा भाग बहुतेकांनी लक्षात घेतलेला नाही. २००० च्या हंगामात बाल्टिमोर रेव्हन्सनी सोळा सामन्यांत १६५ गुण दिले. सोळा सामन्यांच्या हंगामासाठी तो विक्रम आहे. मध्ये सलग पाच सामने त्यांच्या आक्रमणाला एकही टचडाउन करता आला नाही, तरी त्यांतले दोन ते जिंकले. बाद फेरीच्या चार सामन्यांत मिळून त्यांनी २३ गुण दिले. सुपर बोलमध्ये डिल्फरनं पंचवीसपैकी बारा फेकी पोचवल्या आणि अंगठी घातली. मग रेव्हन्सनी काय केलं? त्याला करार दिला नाही आणि पुढच्या हंगामासाठी एल्व्हिस ग्रबॅकला आणलं. ज्या संघानं अंगठी जिंकली, त्या संघालाच ती क्वार्टरबॅकनं जिंकून दिली असं वाटत नव्हतं. चाहते मात्र अजून तेच माप लावून बसले आहेत.

मरिनोच्या काळाचाही विचार करायला हवा. जानेवारी १९८५ ते जानेवारी १९९७ या काळात एएफसीच्या संघांनी सलग तेरा सुपर बोल गमावले. मरिनोचा पराभव त्या मालिकेतला पहिला. त्यात एल्वेचे तीन आहेत, बफेलोच्या जिम केलीचे सलग चार आहेत. १९९१ मधला केलीचा पहिला सुपर बोल २०-१९ असा हुकला, तो स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांवरची किक उजवीकडून बाहेर गेल्यामुळे. त्या सामन्यात न्यू यॉर्क जायंट्सनी साठातली चाळीस मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवला होता. सहा क्वार्टरबॅकांच्या त्या नामांकित ड्राफ्टमधल्या चौघांनी (एल्वे, केली, ईसन आणि मरिनो) मिळून अकरा सुपर बोलना सुरुवात केली आणि दोन जिंकले. एका अख्ख्या पिढीच्या मनगटात एकाच वेळी कच खाण्याचा रोग शिरला, असं मानायचं असेल तर माना. त्यापेक्षा सॅन फ्रान्सिस्को, वॉशिंग्टन, न्यू यॉर्क आणि डॅलस या एनएफसी संघांच्या रांगा त्या काळात अधिक वजनदार आणि अधिक खोल होत्या, हे स्पष्टीकरण कमी चमत्कारिक आहे.

टीकाकारांचा आणखी एक मुद्दा जरा हुशार आहे. ते म्हणतात, मरिनो होता म्हणूनच मायामीला धाव घेणारा संघ उभारता आला नाही. असा हात असल्यावर प्रशिक्षक दर चालीला फेकच करणार, धावणं आपोआप सुकणार, बचावफळी पुन्हा पुन्हा मैदानात जाणार. म्हणजे दुखणं मरिनोनंच दिलं.

हा मुद्दा टिकला असता, जर डॉल्फिन्सनी धावक शोधायचा प्रयत्नच केला नसता. मरिनोच्या सतरा हंगामांत मायामीच्या एकाच धावकानं हजार यार्ड ओलांडले: १९९६ मध्ये करीम अब्दुल-जब्बारनं (तो बास्केटबॉलवाला नव्हे), १,११६ यार्ड. १९८९ मध्ये पहिल्या फेरीत सॅमी स्मिथ हा धावक घेतला. तीन हंगामांनी तो मायामीतून गेला. बचावाचीही तीच कथा. १९८३ पर्यंत मायामीची फळी लीगमधल्या उत्तम फळ्यांत गणली जायची. त्या हंगामानंतर तिचे सूत्रधार बिल आर्न्सपार्गर लुइझियाना स्टेट विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. पुढच्या काळात पहिल्या फेरीत बचावासाठी जॅकी शिप, जॉन बोसा, एरिक कुमेरो असे खेळाडू घेतले गेले. बोसा आणि कुमेरो या लीगमध्ये प्रत्येकी तीनच हंगाम टिकले. चुकीची निवड करायला मरिनोनं कोणाला भाग पाडलं नव्हतं.

परिणाम १९८६ मध्ये दिसला. मरिनोनं ४४ टचडाउन फेकी आणि ४,७४६ यार्ड दिले, संघानं ४३० गुण केले आणि ४०५ दिले. आठ विजय, आठ पराभव. २१ सप्टेंबरला न्यू यॉर्क जेट्सविरुद्ध त्यानं सहा टचडाउन फेकी केल्या आणि संघ जादा वेळेत ५१-४५ असा हरला. सहा टचडाउन फेकून हरलेल्या माणसाला आणखी काय करायचं होतं, याचं उत्तर अंगठीवाल्यांनी द्यावं.

चेंडू झेलणारे थोर होते म्हणून मरिनो थोर दिसला, असंही म्हणतात. मार्क ड्यूपर आणि मार्क क्लेटन ही जोडी वेगवान आणि उत्तम होती, यात शंका नाही. पण क्लेटन आठव्या फेरीत निवडलेला खेळाडू. मरिनोच्या दुसऱ्याच हंगामात त्यानं अठरा टचडाउन झेलून तेव्हाचा विक्रम केला. दोघांपैकी कोणीही खेळातल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये नाही. मरिनोपुढे काही वर्षं ड्वाइट स्टीफनसनसारखा, त्याच्याकडे चेंडू सोपवणारा आणि त्याचं रक्षण करणारा अव्वल सेंटर होता, हे मान्य करायला हवं; पण दुखापतीनं स्टीफनसनची कारकीर्द १९८७ मध्ये संपली आणि १९८८ च्या सबंध हंगामात, सहाशेहून अधिक फेकींत, मरिनोला प्रतिस्पर्ध्यांनी चेंडूसकट फक्त सहा वेळा पाडलं. चेंडू हाती आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटायचा. मरिनोला पळता येत नसे. त्या वेगानं त्याला पळायची गरज ठेवली नाही.

राहता राहिला आजच्या चाहत्यांचा शेरा: त्याचे आकडे आता मागे पडले. पडलेच आहेत. २०११ या एकाच हंगामात ड्रू ब्रीझ, टॉम ब्रेडी आणि मॅथ्यू स्टॅफर्ड या तिघांनी पाच हजार यार्ड ओलांडले. पण मरिनोनं ५,०८४ यार्ड फेकले ते १९८४ मध्ये. त्याआधी कोणी पाच हजार गाठले नव्हते, आणि तो आकडा सत्तावीस वर्षं टिकला. टचडाउन फेकींचा जुना विक्रम ३६ होता. मरिनोनं ४८ केल्या, म्हणजे विक्रमात थेट एक तृतीयांश भर. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या डेव्ह क्रेगच्या ३२ होत्या. झेलणाऱ्याला अडवण्यावर आणि क्वार्टरबॅकला आदळण्यावर पुढं जी बंधनं आली, ती तेव्हा नव्हती किंवा ढिली होती. खेळाडूला त्याच्या समकालीनांशेजारी उभं करून मोजायचं असतं, आणि १९८४ मध्ये मरिनोशेजारी उभं राहायला कोणी नव्हतं.

अंगठी मोजण्याचा हा हट्ट आजच्याइतका तीव्र पूर्वी नव्हता. तीन सुपर बोल हरलेला फ्रॅन टार्केंटन १९८६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. सुपर बोलपर्यंत कधीच न पोचलेल्या डॅन फाउट्सला १९९३ मध्ये तो मान मिळाला, वॉरन मूनला २००६ मध्ये. मरिनोलाही २००५ मध्ये, पात्र होताच पहिल्या वर्षी, मतदारांनी आत घेतलं. मोंटानाच्या चार अंगठ्यांनी या मापाला वजन दिलं आणि ब्रेडीच्या सात अंगठ्यांनी ते जवळजवळ एकमेव माप करून टाकलं. आकडा सोपा असतो, एका बोटानं दाखवता येतो, आणि दूरचित्रवाणीवरच्या तासाभराच्या भांडणाला तेवढा पुरतो. ब्रेडी थोर होता. पण त्याच्या सातही अंगठ्या त्यानं एकट्यानं कमावल्या का, हे त्याच्या संघातल्या कुठल्याही बचावपटूला कोणी विचारून पाहावं.

मरिनोच्या चाहत्यांचंही चुकतं, ते इथंच. तो फोर्टीनाइनर्सकडे असता तर चार अंगठ्या असत्या, असं ते म्हणतात. हे म्हणताना ते समोरच्याचं मापच मान्य करतात आणि न खेळलेल्या सामन्यांचे निकाल लावत बसतात. त्याची गरज नाही. जे सामने झाले, त्यांतच पुरेसं आहे: सतरा हंगाम, १४७ विजय, खेळाचा कल धावण्याकडून फेकीकडे वळवणारं एक वर्ष आणि बाद फेरीतली चढउताराची, काही ठिकाणी सदोष, कामगिरी. हा सगळा ऐवज धरूनही तो आपल्या काळातल्या दोनतीन सर्वोत्तम क्वार्टरबॅकांत बसतो. एल्वेच्या वर की खाली, यावर वाद व्हावा. पण त्या वादात टेरेल डेव्हिसचे १५७ यार्ड एल्वेच्या नावावर धरू नयेत.

आणि चौकशी करायचीच असेल तर ती मायामीच्या कचेरीची करावी. लीगच्या इतिहासात सर्वाधिक ३४७ विजय मिळवणारे, १९७२ चा अपराजित हंगाम घडवणारे प्रशिक्षक डॉन शुला यांना मरिनोसोबत तेरा हंगाम मिळाले. त्यांतून एक सुपर बोल आला आणि तो हरला. नंतर डॅलसमध्ये दोन अंगठ्या जिंकून आलेले जिमी जॉन्सन चार हंगाम राहिले आणि त्यांनाही तिथपर्यंत पोचता आलं नाही. पुढं मात्र जॉन्सन यांनी जमवलेले जेसन टेलर आणि झॅक थॉमस हे दोघे बचावपटू इतके फुलले की दोघंही हॉल ऑफ फेममध्ये गेले. २००२ मध्ये त्यांच्या जोडीला रिकी विल्यम्स हा धावक आला आणि त्यानं लीगमध्ये सर्वाधिक, १,८५३ यार्ड काढले. मरिनोला सतरा वर्षांत एकत्र कधी न मिळालेली बचावफळी आणि धाव डॉल्फिन्सकडे आता एकाच वेळी होती. क्वार्टरबॅक होते जे फीडलर आणि, फीडलरचा अंगठा मोडल्यावर, रे लुकास. तो संघ नऊ जिंकून सात हरला आणि बाद फेरीतही पोचला नाही.